टोचणारी कवळी

जेवत असाल तर ताट आधी संपवा, मग वाचा. नंतर मला बोल लावू नका. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे, आणि ज्याला खोटं वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

भुतं म्हणे रात्री येतात. आमच्याकडचं सकाळी सापडलं. दुकानाचं शटर वर केल्या केल्या, लख्ख उजेडात.

माझा मामा दातांच्या कवळ्या बनवतो. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत मामाचं टेबल. मी पुढचं बघते आणि दुरुस्तीला आलेल्या कवळ्या धुते. शी! दोन-दोन हातमोजे घालते तरी अंगावर काटा येतो. मामा हसतो.

"अगं, दुसऱ्याच्या तोंडचा घास आहे तो. नाक काय मुरडतेस?"

मामाला कामाचा भारी अभिमान. माझी कवळी घातलेला माणूस कवळी घातल्याचं विसरतो, असं दिवसातून एकदा तरी ऐकवणारच.

आमचे एक गिऱ्हाईक होते, शिट्टीकाका. त्यांची जुनी कवळी बोलताना शिट्टी वाजवायची, म्हणून हे नाव. मामानं त्यांना नवी करून दिली. शिट्टी गेली, काका खूश. पण दुसऱ्याच दिवशी परत आले.

"सगळं झकास आहे रे. फक्त उजवीकडे, खाली, जरा टोचतंय."

मामाच्या हातात दुसरं काम होतं. "उद्या या काका. दोन मिनिटांत घासून देतो."

काका आले नाहीत. त्यांची सून आली.

"बाबा काल गेले. शेवटचा घासही धड खाल्ला नाही. टोचतं, टोचतं म्हणत होते."

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि कवळी?"

"तोंडातच होती. तसंच नेलं त्यांना."

मामानं दिवसभर कामाला हात लावला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "माझ्या हातच्या कामानं माणूस उपाशी गेला गं."

दुसऱ्या सकाळी मी शटर उघडलं. मागच्या खोलीत गेले. मामाच्या टेबलावरच्या वाडग्यात...

कवळी होती.

ओली.

दातांच्या फटीत चावून चोथा झालेलं काहीतरी अडकलेलं. पांढरट, तंतू-तंतूंचं. वरून लाळेची तार वाडग्याच्या काठापर्यंत लोंबत होती. वास तर असा की मी मोरीकडे पळाले आणि भडभडून ओकले.

मामानं कवळी उलटी करून बघितली. आपलं काम तो झोपेतही ओळखेल.

"शिट्टीकाकांची आहे."

सुनेला फोन केला. ती चिडलीच. "काय बोलताय? मी स्वतः त्यांचे ओठ मिटवलेत!"

"मामा, फेक ती घाण!" मी ओरडले.

"फेकू? गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात आलंय, आणि मी फेकू?"

कपाळ!

त्यानं कवळी स्वतः धुतली आणि उजवीकडे जरा घासली. मग आतून पांढरा लेप लावला. ही त्याची नेहमीची पद्धत. माणसानं कवळी घालून चावलं की जिथे टोचतं तिथला लेप पुसला जातो. मग नेमकं तेवढंच घासायचं. लेप लावून त्यानं ती वाडग्यात ठेवली आणि आम्ही कुलूप लावून घरी गेलो.

सकाळी लेप एका जागी पुसलेला होता. उजवीकडे, खाली. आणि फटीत ताजा चोथा.

मला दरदरून घाम फुटला. मामा मात्र टाळी वाजवून म्हणाला, "बघ! कुठे टोचतंय ते बरोबर दाखवलंय!"

रोज तेच सुरू झालं. रोज घासायचं, लेप लावायचा, सकाळी बघायचं. एकदा भरदुपारी मामा चहाला गेला होता. मी पुढे एकटीच होते. मागून आवाज आला...

चक्... चक्... चक्...

कुणीतरी सावकाश चावत होतं. मी आत डोकावलेसुद्धा नाही. मामा येईपर्यंत फुटपाथवर जाऊन उभी राहिले.

शेवटी एका सकाळी लेप सगळीकडे सारखा दबलेला निघाला. कुठेच पुसलेला नाही. मामाचे डोळे भरून आले.

"बसली गं! आता काका पोटभर जेवतील."

दुसऱ्या दिवशी वाडगा रिकामा. कोरडा ठणठणीत. मी मनात म्हटलं, इडापीडा टळली एकदाची.

कसली टळतेय?

त्याच्या पुढच्या सकाळी वाडगा...

भरलेला होता.

एकही कवळी आमची नव्हती. काही पिवळ्या, काही काळपट, एक मोडलेली दोऱ्यानं बांधलेली. फटींत माती, मातीत वळवळणारं बारीक काहीतरी. सगळ्यांत वरची मी हातात घेतली आणि टाकूनच दिली.

ती कोमट होती.

मामा बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा फुलला, की मला त्या घाणीपेक्षा त्याचीच किळस आली.

"चांगल्या कामाला पाटी लागत नाही," तो म्हणाला आणि बाह्या सारून बसला. "काकांनीच सांगितलं असणार चार जणांना."

काम सोडते म्हणाले मी. शंभरदा म्हणाले. पण मामाला एकट्याला तिथे कसं टाकू?

परवा मी त्यातलीच एक धूत होते. मामा बाहेर गेला होता. कवळीची कड इतकी ओबडधोबड की हिरडी फाटावी. माझ्या तोंडून सहज गेलं, "शी! किती गचाळ काम केलंय मेल्यानं!"

मागच्या रिकाम्या खोलीतून कुणीतरी म्हणालं...

"हो ना."

बोळक्या तोंडाचा, फुसफुसणारा आवाज. शिट्टीकाकांचा नव्हता.

पळावंसं वाटत होतं. पण ती कवळी धुऊन झाली नव्हती. मी ब्रश उचलला आणि ती पुन्हा पहिल्यापासून नीट घासायला घेतली.