अमडापूरची काच

गच्चीवरचा लाइट मीच बंद केला. उजेड पाहून किडे येतात. विहंग, सरक जरा. आरोही, तू इकडं सतरंजीवर ये. अन् मोबाइल उलटे ठेवा दोघंही.

चिंतामणराव तुम्हाले माहीतच आहेत, माझे साडू. मलकापूरले कॉलेजात एम.एस्सी.च्या पोरांले फिजिक्स शिकवत. प्रकाश हा त्यांचा विषय. काचेवर केसाहून पातळ थर चढवायचा अन् त्यातून उजेड कसा जाते ते मोजायचं, त्यावरच त्यांची पीएच.डी. भूत म्हटलं की हसायचे. आता हसत नाहीत.

दोन वर्षं झाली. त्यांच्या हाताखाली पुष्पांजली नावाची पोरगी होती, मोताळ्याकडची. हुशार, पण बोलणं कमी. तिनं प्रोजेक्ट घेतला होलोग्रामचा.

"एटीएम कार्डावर चमकते ते?"

हां विहंग, त्याचाच मोठा भाऊ समज. फोटोत वस्तू सपाट दिसते. होलोग्रामच्या काचेत ती उभी दिसते, खिडकीतून पाहिल्यावाणी. डावीकडं वाकलं की तिची डावी बाजू दिसते, तिच्या मागं काय आहे तेही दिसते. पण अट एकच. लेसर काचेवर पडून राह्यला तोवर काही हललं नाही पाहिजे. केसाचा शंभरावा हिस्सा जरी हललं, तरी ती वस्तू काचेत उमटतच नाही. तिच्या जागी नुसता काळोख.

अन् मलकापुरात काय हलत नाही? मालगाडी गेली की कपाटं वाजतात. हायवेचे ट्रक वेगळे. पोरीच्या सगळ्या काचा वाया गेल्या. बाहेरून मागवलेल्या काचा त्या, हाती एकच उरली. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार. ती चिंतामणरावांले म्हणाली, "सर, मी हा विषयच सोडते." घरी लग्नाची घाई सुरू होती तिच्या. हे वर्ष गेलं असतं तर शिक्षणही गेलं असतं.

तेव्हा त्यांले अमडापूर आठवलं.

अमडापूरले त्यांचा जुना दोस्त होता, भागवत फोटोग्राफर. वारून बरीच वर्षं झाली, मोबाइलचे फोटो यायच्या आधीच गेला. दुकान तसंच बंद. दुकानाच्या मागं फोटो धुवायची अंधारी खोली, दगडी जोत्यावर, बिनखिडकीची. त्याची बायको बनाबाई मागच्या अंगाले राहते.

माघातला शनिवार होता. पौर्णिमेची आदली रात्र. चिंतामणराव, त्यांची बायको शारदा अन् ती पोरगी, तिघं गाडीनं निघाले. लेसर गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर. रस्ताभर हरभऱ्याची शेतं, चांदणं असं की हेडलाइट नसता तरी चाललं असतं. शारदेनं डब्यात भाकरी अन् ठेचा घेतला होता, तो चिखलीच्या अलीकडं गाडी थांबवून खाल्ला. पोरगी पहिल्यांदा मोकळी हसली म्हणे तेव्हा.

बनाबाईनं कुलूप उघडलं.

"रातीच काऊन पाह्यजे तुम्हाले?"

"दिवसा सारं हलते, वहिनी."

"इथं नाही हलत काही," ती म्हणाली. अन् शारदेले घेऊन घरात गेली.

खोलीत दगडाचा ओटा होता. त्यावर लेसर, आरसे, मधोमध पोळ्याचा पितळी बैल, त्याच्यासमोर काच. चिंतामणराव लेसरपाशी उभे राहिले, हातात उजेड अडवणारा काळा पुठ्ठा. पुठ्ठा उचलायचा, मिनिटभर थांबायचं, परत ठेवायचा. पोरगी फिरली तर हवा हलंल, म्हणून तिले ओट्याच्या पलीकडं स्टुलावर बसवलं. स्टूल तिथंच होतं, भागवतचं. दार लावलं. दिवा मालवला.

चिंतामणरावांनी पुठ्ठा उचलला.

लाल उजेड पसरला. मंद. बैलाची शिंगं तेवढी चमकली.

कुठं काही आवाज नाही. कुत्रंसुद्धा नाही.

अन् मग... कोणीतरी बोललं.

"हनुवटी वर."

पुरुषाचा आवाज. हळू, मायेचा. स्टुलाकडून.

चिंतामणरावांले वाटलं, घरातला टीव्ही असंल. मान वळवली असती. पण शेवटची काच होती. हलले नाहीत.

"आणखी थोडी... हां. बस."

मग काही नाही.

त्यांनी पुठ्ठा ठेवला. अंधार.

"पुष्पांजली?"

...

"पुष्पांजली, काही ऐकलं का?"

"झालं का, सर?" एवढंच म्हणाली ती.

काच औषधात धुतली, वाळवली. मग होती तिथंच परत बसवली, ओट्यावरचा बैल उचलून घेतला अन् लेसर लावला. होलोग्राम पाहायचा असाच. बैल खिशात असते, तरी काचेत उभा दिसते.

अन् दिसला! शिंगं, वशिंड, गळ्यातली घंटा. चिंतामणराव ओरडलेच, "आला पोरी, आला!" ती काचेपाशी वाकली. हसली. बैलाची मागची बाजू पाहायची म्हणून डावीकडं सरकली.

हसू थांबलं.

"सर... इकडून पाहा."

त्यांनी पाहिलं.

बैलाच्या मागं स्टूल होतं. स्टुलावर ती बसली होती. पुष्पांजली. ओढणीवरची फुलं मोजता येतील इतकी साफ. पापण्यासुद्धा. हनुवटी वर उचललेली. अन् हनुवटीखाली हात. पांढऱ्या बाहीतला. बाही काचेच्या कडेले संपत होती.

तुम्हाले मघाशी काय सांगितलं? हलते ते उमटत नाही. माणूस कितीही दगड होऊन बसला तरी श्वास चालते. श्वास रोखला तरी नाडी चालते, कातडी थरथरते. त्या लेसरनं जिवंत माणूस काचेवर येत नाही. बाहीवाला आला, ते एक वेळ सोडा. पण ती...

चिंतामणरावांनी तिचं मनगट धरलं. गार होतं. नाडी शोधली.

"लागली का?"

लागली, आरोही. लागली. पण हे सांगतांना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"तू तेव्हा श्वास घेत होती ना?" त्यांनी विचारलं.

"मले आठवत नाही, सर."

अन् ती आणखी डावीकडं वाकली. कडेच्या पलीकडं पाहायले.

"नको," चिंतामणराव म्हणाले. "पुष्पांजली, नको पाहू."

तिनं पाहिलं.

नुसती मान डोलावली. फोटो झाला म्हणून कोणी सांगितल्यावर आपण डोलावतो... तशी.

त्यांनी लेसरची वायरच उपटली.

असली काच फोडून चालत नाही. प्रत्येक तुकड्यात पूर्ण चित्र राहते. त्यांनी चुलीवर पाणी उकळवलं अन् काचेवरचा थर घासून घासून काढला, साधी काच उरेपर्यंत. बनाबाई दारात उभी राहून पाहत होती.

सकाळी चहा देतांना आपणच बोलली.

"परीक्षेच्या फॉर्मले फोटो पाह्यजे म्हणून एक पोरगी आली होती. गर्दी होती म्हणून यांनी तिले आतल्या स्टुलावर बसवलं. हनुवटी धरून चेहरा सरळ केला. म्हणाले, हलू नको बाई, मी रोल घेऊन आलोच. अन् दुकानात येऊन पडले ते पडलेच. आम्ही सारे रडून राह्यलो बाहेर. तिची आठवण कोणालेच नाही. दिवेलागणीले आत गेली मी... तर पोरगी तशीच बसलेली, हनुवटी वर करून. हलू नको म्हटलं होतं ना."

शारदेनं विचारलं, "मग फोटो?"

"राहिला," बनाबाई म्हणाली. कप उचलून आत गेली.

सोमवारी पुष्पांजलीनं बिघडलेल्या काचाच परीक्षकांपुढं मांडल्या अन् का बिघडल्या ते समजावून सांगितलं. पास झाली, चांगल्या मार्कांनी. घरच्यांनी लग्न पुढं ढकललं. आता ती स्वतःच शिकवते कॉलेजात. अमडापूरचं नाव मात्र काढत नाही, अन् चिंतामणरावही तिच्यापुढं काढत नाहीत.

मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायले ती इथं जळगाव जामोदले आली होती. आपल्याकडं चहाले आली, ह्याच गच्चीवर बसली. कप तोंडाले लावला तशी मान वर झाली. हनुवटीखाली काळपट डाग दिसले मले. फोटो धुणाऱ्यांच्या बोटांवर औषधानं पडायचे तसले. मी म्हटलं, "हे काय लागलं बाई?"

"जात नाही, काका. दोन वर्षं झाली, घासून पाहिलं, डॉक्टरले दाखवलं."

मी चष्मा लावून जवळून पाहिलं. एका बाजूले दोन बोटं. दुसऱ्या बाजूले अंगठा.

अंगठ्याच्या रेषा मोजता येत होत्या.