मिठाला तोंड न लावणारी मेंढी

एक होती तुदा, एक होता तिचा नवरा अद्दी, आणि दोघांच्या होत्या तेवीस मेंढ्या. ॲटलासच्या डोंगरात, ओढ्याच्या काठाला त्यांचं मातीचं घर.

त्या साली खाली गवताची काडी उरली नव्हती. वरचं कुरण हिरवंगार, पण बंद. गवतानं बी धरेपर्यंत वर जनावर न्यायचं नाही, नेलं तर एक मेंढी दंड, हा आमचा वाडवडिलांचा कायदा. कुरण खुलं व्हायला तीन दिवस होते. मेंढ्या तेवढं तग धरणाऱ्या नव्हत्या.

"मी जाते," तुदा म्हणाली.

अद्दी पाय मोडून पडलेला. म्हणाला, "मेंढ्यांसाठी का डोंगरासाठी? त्याचं नाव काढलं की नवरीसारखी लाजतेस!"

"मग तू कशाला जळतोस?" मेंढ्यांच्या मिठाची पुरचुंडी कमरेला खोचून ती निघालीसुद्धा.

वर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. रानओव्याचा वास, बर्फावरून येणारा वारा... माहेरी आल्यागत तिचा ऊर भरून आला. मेंढ्या करकर गवत तोडत होत्या.

आणि भर दुपारी धुकं उतरलं. करकर थांबली.

दगडी खोपीच्या दारात एक म्हातारी बसली होती. "ये लेकी... खा."

जवाची भाकरी, ऊन ऊन. तुदानं घास तोंडात घातला. अळणी! डोंगरातल्या जिनांना मीठ चालत नाही, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं.

तुदा पळाली नाही. घास थुंकला, पुरचुंडीवर हात ठेवला. "मावशी, कुरण तुमचं. चुकलं माझं. दंडाची मेंढी घ्या."

म्हातारी हसली. "दंड तुमच्यात घेतात, लेकी... आमच्यात देतात..."

तुदानं मूठभर मीठ भिरकावलं. धुकं फाटलं. म्हातारी नाही, चूल नाही. खोपीचं छप्परही कधीचं कोसळलेलं.

घरी येऊन मोजल्या, तर मेंढ्या चोवीस.

"दंड भरायचा सोडून एक जास्तीची आणलीस? कुणाची चोरलीस गं?" अद्दी म्हणाला. साऱ्या गावाला विचारलं. त्या जास्तीच्या मेंढीच्या कानावर कुणाचीच खूण नव्हती.

ती दरसाल जुळी व्याली. अद्दीचा पाय बरा झाला, घरावर माडी चढली, लोकर ठेवायला जागा पुरेना. तुदाच्या घरासारखी बरकत खोऱ्यात कुणाला नाही.

फक्त तुदा दगडावर मीठ पसरते तेव्हा कळप धावतो, आणि काही मेंढ्या लांब उभ्या राहून तिच्याकडं बघत राहतात. पहिल्या साली एक होती. यंदा एकोणीस आहेत. दूध त्यांचंच निघतं, अद्दी रोज तेच पितो.

परवा जेवताना अद्दीनं ताट सरकवलं. म्हणाला, "तुदा, भाकरीत मीठ घालू नकोस गं... सोसत नाही हल्ली."