काळ्या वाळूखालचा बर्फ

स्वालाने आपलं स्वागताचं भाषण पूर्ण चार मिनिटं केलं. इंग्रजीत केलं, हसतमुखाने केलं आणि सेल्फॉसच्या बेकरीसमोर आडव्या पावसात उभं राहून केलं. समोरच्या तरुणाने हात मागे बांधून ते शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं. भाषणात धबधबे होते, ज्वालामुखी होते, हिमनदीवर एकट्याने जाऊ नये ही सूचना होती आणि शेवटी 'आमच्या छोट्याशा देशात तुमचं मनापासून स्वागत' हे वाक्य होतं. ते म्हणताना ती रोज हात छातीवर ठेवत असे.

"फार सुंदर," तो अस्सल आइसलँडिकमध्ये म्हणाला. "पण मी बोलुंगार्विकचा आहे."

स्वालाचा हात छातीवरच राहिला.

"मग मधेच सांगायचं नाही?"

"तू रंगात आली होतीस. आणि आमच्या छोट्याशा देशात माझं असं स्वागत आजवर कुणी केलं नव्हतं."

गाइड म्हणून स्वालाला आठ वर्षं झाली होती. तिने मधुचंद्राची जोडपी फिरवली होती, दातांचे डॉक्टर फिरवले होते, ज्वालामुखी किती वाजता सुरू होतो असं विचारणारे एक निवृत्त न्यायाधीशही फिरवले होते. पण आपलाच देश बघायला अख्खी जीप एकट्यासाठी भाड्याने घेणारा आइसलँडर तिने पाहिला नव्हता. हे म्हणजे मावशीकडे जेवायला जाऊन बिल मागण्यासारखं झालं.

"नाव?"

"तोर्फी."

"तोर्फी, दार उघडताना..."

"दोन्ही हातांनी धरायचं. वारा दार उपटून नेतो." त्याने दार दोन्ही हातांनी धरलंच होतं. "बोलुंगार्विकमध्ये तर तो अंगणातली गाडीसुद्धा नेतो."

"आमच्याकडे त्याहून मोठा वारा असतो," स्वाला म्हणाली आणि गाडी सुरू केली. दक्षिण किनाऱ्याचा वारा दुसऱ्या नंबरचा ठरणं तिला चालण्यासारखं नव्हतं.

स्कोगाफॉस धबधब्यापर्यंतचा तासभर याच चालीवर गेला. त्याच्याकडचे कडे उंच होते, तिच्याकडचे हिरवे होते. त्याच्याकडे मासे होते, तिच्याकडे मेंढ्या होत्या. आणि ती म्हणत असतानाच त्यातल्या सहा रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. स्वालाने काच खाली करून एकीला कान बघून ओळखलं आणि तिच्या मालकाचं नाव घेऊन चांगलं खडसावलं. मेंढ्या बाजूला झाल्या. तोर्फी तिच्याकडे बघत होता... जरा जास्तच वेळ.

"काय?"

"काही नाही. माझ्या बॉसला पण असं बोलायला हवं."

धबधब्याजवळ तो इतका पुढे गेला की तुषारांनी पार भिजला. परतला तेव्हा पापण्यांवरून पाणी गळत होतं, कपाळावर केस चिकटले होते, आणि तो एखादं बक्षीस मिळाल्यासारखा हसत होता. स्वाला कोरडी होती. कुठल्या दगडामागे उभं राहिलं म्हणजे भिजत नाही, हे तिला वयाच्या चौथ्या वर्षापासून माहीत होतं.

"तो दगड मला का नाही दाखवलास?"

"तुझ्याकडे मोठे धबधबे आहेत ना? मला वाटलं सवय असेल."

तिने थर्मासमधली कॉफी ओतली आणि क्लेनुरची पिशवी पुढे केली. तळणीचे ते पिळदार तुकडे तिनेच पहाटे केले होते. बोटांना बोटं लागली. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. ती स्वालाने किंचित जास्त वेळ लागू दिली. पाहुण्याची काळजी घेणं हा कामाचा भाग होता.

"तू इथलीच?" त्याने विचारलं.

"ग्राउयोकुलच्या पायथ्याची." हे सांगताना तिची मान आपोआप ताठ व्हायची. "ती हिमनदी मोजायचं काम आमच्या घराकडे आहे. पणजोबांनी सुरू केलं, मग आजोबा, आता बाबा. दर शरदात खुंटीपासून बर्फाच्या कडेपर्यंत टेप लावायची आणि एक आकडा राजधानीला कळवायचा. नव्वद वर्षांत एकही साल चुकलेलं नाही. आजोबांनी तर लग्नाच्या दिवशी मोजली. आजी चर्चमध्ये थांबली होती."

"चिडली नाही?"

"तिने आधी आकडा विचारला, मग हो म्हणाली."

तोर्फी हसला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि हेर्मुंदुर कसा मोजतो, सळई वापरतो का, हात थरथरतात का, असं बरंच काही विचारलं. बाबांचं नाव आपण सांगितलंच नव्हतं, हे तेव्हा स्वालाच्या लक्षात आलं नाही. चांगला श्रोता मिळाला की शहाणी माणसंही ढिली पडतात, आणि याचे तर डोळेही चांगले होते.

रेनिसफ्याराच्या किनाऱ्यावर समुद्र गुरगुरत होता. काळी वाळू, काळे दगडी खांब, आणि पांढऱ्या फेसाची रेघ... कधी वीस पावलांवर, कधी दोन. इथे स्वालाचा नियम एकच, आणि तो ती सगळ्यांना तीनदा सांगते: समुद्राकडे पाठ करायची नाही. तोर्फीला तिने एकदाच सांगितला. मासेमाऱ्यांच्या गावचा माणूस. त्याला काय सांगायचं?

तो तिच्या शेजारून चालला होता. मग पुढे झाला, वळला आणि तिच्यासमोर उभा राहिला. समुद्राकडे पाठ करून.

"स्वाला, तुला एक सांगायचंय. सकाळीच सांगायला हवं होतं, पण—"

त्याच्या खांद्यावरून तिला लाट दिसली. तिने त्याची कॉलर धरली आणि मेंढा ओढावा तसा त्याला मागे ओढला. दोघं धडपडत वर पळाली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, खेचून बघितलं आणि गेलं. तिचा हात अजून त्याच्या कॉलरवर होता, त्याचा श्वास तिच्या गालावर होता, आणि एक क्षण असा आला की काय सांगायचंय ते त्याने न बोलताही चाललं असतं.

पण त्याच्या झोळीतली फाइल वाळूत पडून उघडली होती. स्वालाने ती उचलली. आकाशातून काढलेलं ग्राउयोकुलचं चित्र. शेजारी बाबांचे आकडे. शेवटच्या सहा वर्षांना लाल वर्तुळं, आणि खाली टिपण: 'निरीक्षक वृद्ध आहेत. हिमनदीच्या मायेपोटी घट कमी दाखवत असावेत. निरीक्षक बदलावा.'

"हे काय आहे?"

"मी हिमनद्यांच्या कार्यालयात काम करतो," तोर्फी म्हणाला.

"वर्तुळं कुणी काढली?"

त्याला खोटं बोलायला वाव होता. राजधानीत वरिष्ठांची कमतरता नव्हती.

"मी. चित्रावरून बर्फाची कड ओळखायची पद्धतही माझीच आहे. तीन वर्षं लागली." त्याने ओले केस मागे सारले. "सही करण्याआधी वाटलं, ज्याला खोटारडा ठरवतोय तो माणूस तरी बघावा. मग जीपवाल्यांच्या यादीत हेर्मुंदुरच्या मुलीचं नाव दिसलं."

"म्हणजे स्कोगाफॉस, क्लेनुर, आजीचं लग्न... सगळी चौकशी."

"सकाळी चौकशी होती. स्कोगाफॉसनंतर मला काहीच विचारायचं सुचत नव्हतं. तेच सांगत होतो."

स्वालाने फाइल मिटली, वरची वाळू झटकली आणि त्याच्या हातात दिली. दुसरी एखादी असती तर त्याला तिथेच सोडून गेली असती; बस होती. पण बाबांना खोटं म्हणणारा माणूस बसने परत गेला, तर तेच म्हणत राहणार.

"बस गाडीत," ती म्हणाली. "तुझ्या पॅकेजमध्ये हिमनदी आहे."

पुढचा पाऊण तास गाडीत गेला. स्वाला रस्त्याकडे बघत होती आणि तोर्फी गुडघ्यांकडे. एकदाच तो "स्वाला—" म्हणाला, तेव्हा तिने काच पुसायचं बटण दाबलं. बाहेर पाऊस थांबला होता.

हेर्मुंदुर गोठ्याच्या दाराशी पाय लांब करून बसला होता. उन्हाळ्यात गुडघा गेल्यापासून तो असाच बसून सगळ्यांची कामं बघत असे. स्वालाने तीन वाक्यांत सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला 'अहो' म्हणावं असा शब्द त्या भाषेत उरलेला नव्हता, म्हणून तोर्फीने टोपी काढली.

"मायेपोटी?" हेर्मुंदुर म्हणाला.

"असं लिहिलंय," तोर्फी म्हणाला.

"मेंढीबद्दल म्हणाला असतास तर मान्य केलं असतं." त्याने भिंतीला टेकलेली लोखंडी सळई स्वालाकडे सरकवली. "यंदाचं मोजायचं राहिलंय. गुडघा चालत नाही, जीभ चालते. मी गाडीत बसून शिव्या देईन. जा दोघं."

हिमनदीच्या पायथ्याशी मैदान होतं. काळं, खडीचं, वाळूचं. पलीकडे दोनशे पावलांवर बर्फाची करडी-निळी भिंत. तोर्फीने आपलं चित्र काढून दाखवलं.

"ही भिंत म्हणजे कड. इथून पुढे सगळी जमीन आहे. आणि हेर्मुंदुर म्हणतो की कड इथे कुठेतरी, आपल्या पायाखाली."

स्वालाने सळई उचलली. गेल्या वर्षीच्या खुंटीपासून ती सरळ रेषेत चालू लागली आणि दर चार पावलांवर सळई वाळूत खुपसू लागली. खर्र. खर्र. खर्र. तोर्फी टेपचं टोक खुंटीशी धरून उभा होता. खर्र. मग एका जागी आवाज बदलला.

ठण्ण.

"ये," ती म्हणाली. "फावडं आण. खण."

त्याने खणलं. वरची राख निघाली, मग खडी, मग चिखल. कोपरभर खोल गेल्यावर फावडं घसरलं. तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने माती बाजूला केली. खाली निळं होतं. जुन्या, दाबलेल्या, शांत बर्फाचं निळं. तोर्फीने त्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मग तो उठला, भिंतीच्या दिशेने वीस पावलं गेला आणि पुन्हा खणलं. बर्फ. आणखी चाळीस पावलं. बर्फ. चार खड्डे त्याने खणले. घामाने निथळला, तळहाताला फोड आले. चारही खड्ड्यांत तेच निळं.

"गेल्या उद्रेकाची राख," स्वाला म्हणाली. "वरून दरवर्षी खडी घसरते ती वेगळी. बर्फ पांढरा असतो हे तुझ्या चित्राला कुणी सांगितलं?"

"मी."

"आमच्याकडे काळा असतो. हे तिसरीतल्या पोराला माहीत आहे."

तो चौथ्या खड्ड्याच्या काठावर बसला. तीन वर्षांचं काम त्या खड्ड्यात गेलं होतं, आणि ते त्याला स्पष्ट दिसत होतं. स्वालाला वाटलं, आता हा म्हणेल की एवढ्याने सिद्ध होत नाही. शिकलेली माणसं असं म्हणतात. त्याने फाइलमधून टिपण काढलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहीत लिहीत मोठ्याने वाचलं:

"हेर्मुंदुर यांचे सर्व आकडे बरोबर आहेत. चूक पद्धतीची आहे. पद्धत माझी आहे. इतर हिमनद्यांवरही ती पुन्हा तपासावी लागेल." त्याने सही केली. "तिथल्या लोकांना आधी विचारून."

वारा होता. स्वालाला अचानक थंडी वाजेनाशी झाली. घराण्याचा अभिमान तिला लहानपणापासून पाठ होता. पण एखाद्या परक्या माणसाचा असा अभिमान वाटणं, तेही त्याने हार लिहून दिल्यावर, हे तिच्या भाषणात कुठेच बसत नव्हतं.

"टेप धर," ती म्हणाली. "यंदाचं राहिलंय."

तो खुंटीशी गेला. तिने ठण्ण वाजलेल्या जागी टेप ताणली, आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग ती टेप गुंडाळू लागली. नियमाप्रमाणे त्याने टोक सोडायला हवं होतं. त्याने सोडलं नाही. टेप गुंडाळत गेली तसा तो चालत आला... तीस मीटर, वीस, दहा... आणि शेवटी त्यांच्यामध्ये फक्त टेपची डबी राहिली.

"सोड आता," ती म्हणाली.

"बघतो," तो म्हणाला. "सुटत नाहीये."

त्याचे ओठ खारट होते आणि नाक थंडगार. गाडीतला भोंगा दोनदा वाजला.

"आकडा," हेर्मुंदुर काच खाली करून ओरडला. वही त्याच्या मांडीवर उघडी होती.

"अडतीस," स्वालाने सांगितलं. "अडतीस मीटर मागे गेली, बाबा."

हेर्मुंदुरने बर्फाकडे बघितलं. मग त्याने लिहिलं. घटली तेवढी घटली. एक मीटर कमी नाही, एक जास्त नाही.

"निरीक्षकाचं नाव?" त्याने विचारलं.

दोघं गाडीजवळ आली होती. स्वालाला प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला. त्या रकान्यात गेली एक्केचाळीस वर्षं एकच नाव होतं, आणि ते आतापर्यंत कुणी विचारत नसे.

"स्वाला," ती म्हणाली. ताठ मानेने म्हणाली, पण डोळे भरले ते भरलेच.

"हं. आणि मदतनीस?"

"तोर्फी."

"तात्पुरता की कायमचा?"

तोर्फी हा असा माणूस होता की वेळ विचारली तरी आधी दोन ठिकाणी पडताळून बघायचा. या वेळी त्याने कशाकडेच बघितलं नाही.

"कायमचा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने पेन्सिल उचलली आणि लेकीकडे बघितलं. स्वालाचा एक हात तोर्फीच्या फोड आलेल्या हातात होता. तो तिने काढून घेतला नव्हता.

"शाईने लिही, बाबा," ती म्हणाली.