गरीब जनावर

नव्या पैठणच्या प्रयोगशाळेत डॉ. रेवती टिळेकर हाताला पट्टी बांधून घेत होत्या. तिरशिंग नावाच्या रानटी प्राण्याने कडकडून चावा घेतला होता. या ग्रहावर नांगराला जुंपण्याजोगं शेवटचं जनावर तेच उरलं होतं, आणि जनावर माणसाळेल का ते ठरवणाऱ्या वश्यता-चाचणीत आज तेही बाद झालं.

"झेब्र्याची जात," पट्टी बांधता बांधता डॉ. नारकर म्हणाले. "दिसायला घोडा, पण दात रुतले की सोडायचं नाव नाही."

नारकर पशुवैद्य. दुसऱ्या यानातून आलेले. या माणसाने कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

पृथ्वीवरून आणलेले गुरांचे गोठवलेले गर्भ वाटेतच नासले होते, आणि सौरनांगर धुळीने एकेक करून बंद पडले होते. पेरणीआधी जनावर मिळालं नाही, तर नांगर माणसं ओढतील, असं सरपंच जगदाळ्यांनी बजावलं होतं. कोणती माणसं, ते बोलले नव्हते. जमिनी आणि कोठार पहिल्या यानातल्यांकडे, दुसऱ्या यानातले उपरे. वेगळं सांगायची गरजच काय?

"पृथ्वीवर तरी काय झालं?" रेवतीबाई चिडून म्हणाल्या. "गाय, घोडा, गहू ज्यांच्या अंगणात आयते सापडले, त्यांची साम्राज्यं झाली. ज्यांच्या वाट्याला झेब्रा आला, त्यांनी डोक्यावर ओझी वाहिली. आणि वर हे साम्राज्यवाले म्हणणार, अक्कल आमची. पण नारकर, अख्ख्या ग्रहावर एकही जनावर चाचणीत बसू नये?"

नारकरांनी खिशातून एक हाड काढलं. "जुन्या भटारखान्यामागच्या उकिरड्यात मिळालं. तिथे असल्या हाडांचा ढीगच आहे, म्हणजे कळपातलं जनावर दिसतंय. खांदा बघा केवढा रुंद."

हाड घेऊन दोघं तुळसाकाकूंकडे गेली. पहिल्या हिवाळ्यात सगळ्या वसाहतीचा स्वयंपाक याच करायच्या; ताटात काय येतं, हे तेव्हा पहिल्या यानातल्या रेवतीबाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

"अगं, हा तर गुबा!" काकूंचा चेहरा खुलला. "फार गरीब जनावर. हाक मारली की चुलीपर्यंत चालत यायचं. म्होरक्याला धरलं की मागून सगळा कळप. काय लुसलुशीत मटण होतं म्हणून सांगू! तो हिवाळा त्याच्यावरच तर निघाला."

"आणि आता?"

"आता कुठले? संपले की."

रेवतीबाई हाड उलटसुलट करून पाहत राहिल्या. इतकी वर्षं रानोमाळ हिंडून त्या जो गुण शोधत होत्या, त्याच गुणापायी गुबा आधी ताटात पडला होता. चावणारे तेवढे मागे उरले होते. रेवतीबाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी खरं ते सांगून टाकलं. सरपंच मूर्ख असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाचणीच्या अटी शांतपणे मोठ्याने वाचल्या.

"मिळेल ते खातो. कोंडला तरी वीण होते. बिथरत नाही. म्होरक्यामागे चालतो. लवकर वाढतो." मग मागच्या बाकांकडे पाहून ते हसले. दुसऱ्या यानातली माणसं तिथेच बसली होती. "टिळेकरबाई, असा प्राणी आहे की आपल्याकडे. वाढायची अट तेवढी अडते म्हणाल, तर आपल्याकडे आला तो वाढलेलाच आला."

पुढच्या रांगेत खसखस पिकली.

रेवतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नारकरांकडे पाहिलं. चाचणीत नापास व्हायला एक चावा पुरतो, हे रेवतीबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? नारकरांनी एकदा नाही म्हटलं असतं, तरी काम झालं असतं.

"बोला, नारकर," त्या पुटपुटल्या. "एकदा तरी चावा."

नारकर उठले. ते उठलेले पाहून मागच्या बाकांवरचे सगळे उठले.

"सरपंच," नारकर नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "सकाळी किती वाजता यायचं?"