टेकडीमागचा दुरसुन

पिरी चित्रकार त्या संध्याकाळी सुलतानाच्या चित्रशाळेतून परतला, तो ताजा पाव आणि ओंजळभर ऑलिव्ह घेऊन. सुलतानाच्या स्वारीचा सचित्र ग्रंथ आता पुरा होत आला होता, आणि वेढ्याच्या शेवटच्या पानावर पिरीनं गुपचूप आपला मुलगा रंगवला होता. दुरसुन त्याच स्वारीत गेलेला. इस्तंबूलची बाकीची पोरं कधीच परतली. हा खंदकात पडला म्हणे, पण प्रेत कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून बापानं त्याला जिवंतांत उभा केला, टेकडीमागं, छातीपर्यंत. टेकडीमागून डोकावणारी माणसं काढण्यात पिरीचा हात धरणारा कुणी नव्हता. पाय मात्र त्याला जन्मात जमले नाहीत.

अंगणात त्याची बायको नेफिसे भिंतीकडे बघत उभी होती.

“अहो... आला हो माझा लेक.”

भिंतीवरून दुरसुन डोकावत होता. छातीपर्यंत. लाल अंगरखा, तिरकी पगडी, अगदी चित्रातल्यासारखी.

“अरे गाढवा, दारानं ये की!” रडता रडता आईला हसू फुटलं.

“येता येत नाही, आई...”

ती बोळात धावली. भिंतीपलीकडे कुणीच नव्हतं. अंगणातल्या पिरीला मात्र तो अजून दिसत होता.

पिरी मटकन खाली बसला. आपण काढला तेवढाच परत आलाय! त्यानं हे बायकोला सांगितलं, तर बाई घाबरायची सोडून त्याच्यावरच उखडली.

“मग बसलात काय असे? उद्याच्या उद्या पाय काढा त्याचे! आणि अनवाणी काढा हं. बूट घालून घरात यायचं नाही ही सवय मीच लावलीय, नाहीतर उंबऱ्यावरच अडून राहील माझं पोर.”

दुसऱ्या दिवशी पिरीनं टेकडीचा रंग खरवडला. पण अनवाणी पाय बघायचे कुठं? अख्ख्या पानावर जो तो बुटांत. अनवाणी होते ते फक्त तटाखाली पडलेले, दुसऱ्या चित्रकारानं रंगवलेले शत्रूचे मुडदे. त्यांचे बूट कुणीतरी लुटून नेलेले. त्यातल्या एकाचे पाय त्यानं हुबेहूब उतरवले.

दिवस कलताना दुरसुन दारानं आत आला. नेफिसेनं त्याला पोटाशी धरलं, बसवलं, घंगाळात कोमट पाणी आणलं. चुलीवर मसुराचं सूप उकळत होतं. पिरीचा जीव भांड्यात पडला.

पाय धुता धुता तिचा हात थांबला.

“अहो... हे पाय आपल्या पोराचे नाहीत.”

“असू दे गं. आला ना तो?”

“आला खरा.” ती पुन्हा चोळू लागली. पाणी काळं झालं तरी चिखल काही निघेना, आणि घरभर खंदकाचा कुबट वास पसरला.

तेवढ्यात बोळातून काहीतरी घासत, सरपटत आलं आणि दारापाशी थांबलं.

“कोण आहे?” पिरीनं हळूच विचारलं.

कडी वाजली नाही. दाराच्या अगदी खालच्या फळीवर, जमिनीलगत, टकटक झाली.

दुरसुननं दोन्ही पाय पाण्यातून उचलून पोटाशी घट्ट धरले.

“उघडू नका, बाबा...”