डेल झोपलाय

ड्रायरचं दार उघडलं, तर आत काहीच नव्हतं.

माझे कपडे सार्वजनिक लाँड्रीतल्या लांब टेबलावर होते, घड्या घातलेले. टॉवेलांवर टॉवेल, मोजे जोडीजोडीनं आणि डेलचे तीन चौकड्यांचे शर्ट दुकानात मांडतात तसे, कॉलर वर करून. शेजारी एक उंच, वाळकुडा म्हातारा माझ्या गाऊनच्या बाहीशी झटत होता.

"तो माझा आहे," मी म्हटलं.

"तरीच. इतकी फुलं मला शोभली नसती." त्यानं गाऊन अलगद खाली ठेवला. "माफ करा हं. तुमचं मशीन केव्हाच थांबलं होतं, मागं चार माणसं खोळंबली होती. कुणीतरी काढून नुसता ढीग केला असता... मला चुरगळलेलं बघवत नाही."

"मी कुत्र्याला फिरवत होते."

"मग चूक कुत्र्याची."

तो खाली वाकला. बटन, माझा लहानसा काळा-पांढरा कुत्रा, परक्या पुरुषांवर हटकून गुरगुरतो. त्यानं या माणसाचा हात हुंगला आणि सरळ त्याच्या बुटावर बसकण मारली.

"शर्ट बरेच मोठे आहेत," तो बटनचे कान खाजवत म्हणाला. "तुमचे मिस्टर धिप्पाड दिसतात."

इथंच खरं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण दोन वर्षं जिभेला एकच वळण पडलं होतं.

"हो," मी म्हटलं. "गाडीत झोपलाय."

डेल जाऊन दोन वर्षं आणि एक महिना झाला होता.

ही घरगाडी आम्ही दोघांनी घेतली होती, निवृत्तीनंतर फिरायला. मिनेसोटात एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली आणि डेलनं धान्याच्या कोठारांची यंत्रं दुरुस्त केली. हिवाळ्याच्या संध्याकाळी तो नकाशावर पेन्सिलीनं रस्ता आखत बसायचा. निवृत्त झाल्यावर सतराव्या दिवशी तो गाडीच्या टायरची हवा बघायला खाली वाकला आणि उठलाच नाही. मुलगी म्हणाली, आई, गाडी विकून टाक. मी बटनला पुढच्या सीटवर बसवलं आणि पेन्सिलीच्या रेघेवरून निघाले.

मुलीनं मग एक नियम घालून दिला. बाबांचे मोठे बूट कायम दाराबाहेर ठेवायचे आणि कुणी विचारलंच तर सांगायचं, नवरा आत झोपलाय. एकटी बाई आहे हे कुणाला कळायला नको. बूट लोकांसाठी होते. शर्ट मात्र मी माझ्यासाठीच धूत होते. दर पंधरवड्याला, न वापरलेले.

तो माणूस निघाला माझा शेजारीच. क्वार्टझसाइट या वाळवंटातल्या गावाबाहेरच्या सरकारी माळावर आमच्यासारखे शेकडो म्हातारे दर हिवाळ्यात गाड्या लावून राहतात. माझ्यापासून साठ पावलांवर त्याची ठेंगणी पांढरी गाडी उभी होती. हॉलिस टार्व्हर, मूळचा आर्कान्साचा. चव्वेचाळीस वर्षं पियानो सुरात लावायचं काम केलं. आईचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलं. आई गेली, तोवर विचारावं असं कुणी उरलं नव्हतं. आता हिवाळाभर वाळवंटातल्या छोट्या छोट्या चर्चमधले पियानो लावून देतो, कारण इथल्या कोरड्या हवेत तारा सुरात राहत नाहीत. हे सगळं मला पहिल्या दोन दिवसांत कळलं. बटन सकाळी उठून त्याच्याकडं पळायचा आणि तो त्याला परत आणून सोडायचा.

पायरी मात्र तो कधी चढला नाही. डेलच्या बुटांपाशी उभा राहायचा.

"डेल उठले?"

"नाही अजून."

"कॉफीचा वास तर उठवण्यासारखा आहे. माझ्या कॉफीला मोजे उकळल्याचा वास येतो."

"मग घ्या ना एक कप."

"डेलना कमी पडेल."

"तो एकच पितो."

"आणि तुम्ही?"

"मी... दोन."

"मग तुमच्या दुसऱ्यातला अर्धा द्या. म्हणजे माझ्यामुळं कुणाचं नुकसान नाही."

असं रोज होऊ लागलं. तो बाहेर खुर्चीत, मी दारात, आणि आमच्या मधे डेल. मी सांगायचे, डेलला कांदा चालत नाही. डेल म्हणतो, आज वारा सुटेल. डेल शब्दकोडं सोडवतोय, त्याला पाच अक्षरी नदी हवीय. हॉलिस मन लावून ऐकायचा, नदीचं नाव सुचवायचा, आणि मी आत जाऊन, दोन मिनिटं रिकाम्या सोफ्यासमोर उभी राहून, "बरोबर आहे म्हणतो," असं सांगत बाहेर यायचे.

एका दुपारी पाऊस आला. वाळवंटातला पाऊस, आला तसा जाणारा. ओल्या झुडपांचा कडवट वास माळभर पसरला. हॉलिस बटनला घेऊन धावतच माझ्या गाडीच्या कापडी छपराखाली शिरला. छपराचा कोरडा भाग दोन माणसांपुरताच होता. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं. त्यानं ते काढून घेतलं नाही... मीही नाही.

"तुमचा चष्मा भिजलाय," मी म्हटलं.

"राहू द्या. धूसर दिसतंय ते बरंय."

"का?"

"स्पष्ट दिसलं तर नजर वळवावी लागेल." मग दाराकडं बघत, अगदी हळू, "आणि डेलना उठवू नका."

मी सदुसष्ट वर्षांची बाई. साठ पोरं बसमध्ये एकदम किंचाळली तरी मागं वळून न बघणारी. माझे कान तापले.

शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी माझ्याकडं जेवायला या. राजमा आणि मक्याचा पाव. दोघंही या. किंवा... ज्याला जमेल त्यानं."

"विचारते डेलला," मी म्हटलं.

आत गेले. सवयीनं सोफ्यासमोर उभी राहिले. डेल काय म्हणेल याचा विचार करू लागले आणि उत्तर लगेच आलं, 'जा की, राजमा तुझ्याचसाठी शिजतोय.' मला हसू आलं. मग लक्षात आलं की हे बोलणं डेलचं नाही. डेल असं बोलतच नसे. तो आवाजही त्याचा नव्हता, हॉलिसचा होता. मी डोळे मिटून डेलचा खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला. तो मला 'व्हर्ना' अशी हाक मारायचा ते, खोकायचा ते. काही केल्या येईना. एक्केचाळीस वर्षांचा आवाज आणि मी तो अकरा दिवसांत पुसून टाकला होता, परक्या माणसाशी लाडेलाडे गप्पा मारायला त्याचं नाव वापरून.

शनिवारी उजाडताच मी पाण्याची नळी गुंडाळली, बूट आत घेतले आणि निघाले. हॉलिसच्या गाडीचे पडदे ओढलेले होते. बटन काचेला नाक लावून मागं बघत राहिला.

न्यू मेक्सिकोत, डेमिंगच्या पुढं, मोठमोठ्या दगडांच्या मधे गाड्या लावायचा एक तळ आहे. तिथं थांबले. सकाळी कॉफी करायचे, दोन कप. दुसरा निवून जायचा. बटन दाराशी बसून राहायचा, बाहेर सोडलं तर शेजारच्या गाड्यांकडं जायचा, हुंगून परत यायचा. डेलची रेघ तिथून उत्तरेला वळत होती. मला ती गिरवायचा कंटाळा आला होता आणि कंटाळ्याची लाजही वाटत होती.

बुधवारी मुलीचा फोन आला. "बूट बाहेर आहेत ना?"

मी दाराकडं बघितलं. चार दिवस बूट बाहेर ठेवायचे राहूनच गेले होते. कुणी आलं नव्हतं. वाईट माणूस नाही, चांगलाही नाही.

"आई? आवाज असा का येतोय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. लाँड्री, अर्धा कप, पाच अक्षरी नदी. मला वाटलं, ती रागावेल.

"आई," ती म्हणाली, "ते मी भामट्यांसाठी सांगितलं होतं गं. घड्या घालणाऱ्या माणसासाठी नाही."

परत यायला दोन दिवस लागले. माळावर त्याच्या जागी चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. तिथं चौदा दिवसांवर राहू देत नाहीत. त्याचे भरले होते. माझ्याकडं त्याचा फोन नंबर नव्हता. डेल झोपलेला असताना मी तो मागणार तरी कसा? गावातल्या चर्चमध्ये गेले. फुलदाण्या पुसणाऱ्या बाई म्हणाल्या, "टार्व्हर? आमचा पियानो लावून झाला त्याचा. बाउस गावच्या चॅपेलमध्ये असेल बघा, नाहीतर पुढं गेला असेल. उद्या जाणार म्हणत होता... की आज?"

बाउसपर्यंतचा रस्ता अर्ध्या तासाचा. बस चालवायचे त्या एकतीस वर्षांत एकदाही वेगाची मर्यादा ओलांडली नव्हती, ती त्या दिवशी ओलांडली.

चॅपेलच्या आवारात पांढरी गाडी उभी होती. आतून एकच सूर ऐकू येत होता. पुन्हा तोच, पुन्हा तोच, जरासा वर, जरासा खाली. बटन माझ्या हातातून पट्टा हिसकावून आत पळाला. सूर थांबला.

मी दारात उभी राहिले. हॉलिस पियानोच्या उघड्या पोटावर वाकला होता आणि बटन त्याच्या बुटावर बसला होता.

"डेल वारला," मी म्हटलं. इतकं साधं वाक्य, पण म्हणताना धाप लागली. "दोन वर्षांपूर्वी. तो झोपलेला नव्हता. शर्ट मी उगीचच धुते. तुम्हाला मी सगळं खोटं सांगितलं."

त्यानं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. आयुष्यभर कान लावून बसलोय मी, व्हर्ना. तुमच्या गाडीत एकाच माणसाची पावलं वाजायची."

"मग रोज डेलबद्दल का विचारायचात? थट्टा करत होता माझी?"

"नाही." तो जरा थांबला. "तुम्ही त्यांच्याबद्दल फार छान बोलायचात. आणि... ते उठलेत का विचारलं की तुम्ही दारात यायचात. दुसरं काय विचारून तुम्हाला बाहेर बोलवावं, ते मला सुचेना."

मी बाकावर बसले. मला रडू आलं, फार नाही. "मला त्याचा आवाज आठवत नाही, हॉलिस."

तो येऊन शेजारी बसला. थोडं अंतर ठेवून, मग तेवढंही न ठेवता. "आईचा आवाज माझ्याही कानातून असाच गेला होता. मी सुरांवर जगणारा माणूस. वर्षभर धसका घेऊन बसलो. मग एके दिवशी दाढी करताना आला, आपणहून. शोधलं की येत नाही."

"खरंच येतो?"

"येतो."

मी डोळे पुसले. मग तो म्हणाला, "एक विचारू? डेलना काय खायला आवडतं, कुठं जायचंय, वाऱ्याबद्दल त्यांचं मत काय, सगळं मला पाठ आहे. तुला काय हवंय, ते मात्र एकदाही बोलली नाहीस."

असं कुणी विचारलंच नव्हतं. डेल चांगला होता, पण रस्ता तोच आखायचा आणि मला चालवायला आवडायचं, म्हणून मी चालवायचे.

"समुद्र," मी शेवटी म्हटलं. "डेलला वाळूचा तिटकारा होता. त्याच्या नकाशात समुद्र नाहीच. मी अजून पाहिलेला नाही."

"इथून पश्चिमेला, पाच तास. तुझ्या त्या धुडाला सहा."

"माझं धूड तुझ्या डब्याच्या पुढं जाईल."

"ते बघू उद्या सकाळी," हॉलिस म्हणाला. "आज माझ्या चार तारा राहिल्यात. थांबशील?"

मी थांबले.

दुसऱ्या दिवशी कॉफी पिऊन आम्ही निघालो, मी पुढं, तो मागं. बटननं त्याच्या गाडीत बसायचा हट्ट धरला आणि मी तो पुरवला. डोंगर उतरून रस्ता वळला, आणि एकाएकी समोर ते सगळं पाणी दिसलं, आभाळाला टेकलेलं. "अरे, बघ ना," असं म्हणत मी सवयीनं उजवीकडं वळले. ती सीट रिकामी होती.

मग आरशात बघितलं. पांढरी गाडी होती मागं, बेतानं अंतर राखून. मी दिवा दिला, गाडी कडेला घेतली, आणि तो उतरून माझ्या दाराशी येईपर्यंत थांबले.