ज्योतीरामचा गळा

त्या गुरुवारी मी पिंपरी कॅम्पात निघालो ते एक कॅसेट बदलून घ्यायला. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. बाकीचे लोक सुट्टीला सासुरवाडीला जातात, देवाला जातात. मी हासानंदच्या कॅसेटच्या दुकानात जायचो. साल एक्याऐंशी.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलेलं मला चालत नाही. चौथीत शाळा सोडलेला मी माणूस, चिंचवडच्या एका कंपनीत हॅमरवर. मोठा घण वर जातो, खाली येतो, मधे लाल लोखंड. जमीन हादरते. अशा जागी निम्मं आयुष्य काढल्यावर कान काय राहणार? भावगीत म्हणजे मला डास गुणगुणल्यासारखं. मग नवा हॅमर बसवायला एक जर्मन फिटर आला होता, तो जाताना एक कॅसेट हातात ठेवून गेला. म्हणाला, हेवी मेटल. घरी लावली. अरे, हे तर आपलं हॅमरशॉप! ड्रम छातीत वाजतोय, गिटार ग्राइंडरसारखी ठिणग्या उडवतेय. कुणीतरी खास माझ्यासाठी गाणं केलंय असं पहिल्यांदा वाटलं. बायको कस्तुरा कानात कापसाचे बोळे घालून भाकरी थापायला लागली.

फक्त एक खोट होती. गाणारे ओरडायचे. शेपूट दारात सापडलेल्या बोक्यासारखे. एवढा दणका आणि त्यावर गळा नाही, हे मला पटेना. दणक्यात गोड गाणारा बँड जगात कुठंतरी असणारच, हे मी धरून बसलो. हासानंदचा मेहुणा मुंबईच्या गोदीत होता, त्याच्याकडून माल यायचा. कधी नुसता गोंगाट निघायचा. पण कधी एखादा असा निघायचा की सगळा दणका एकदम थांबतो आणि एक माणूस हळूच गायला लागतो, तापल्या लोखंडावर पाण्याचा थेंब नाचावा तसा. मी दुकानात उभ्या उभ्या "वा रं पठ्ठ्या!" ओरडलो, तर बाहेर पाववाल्याची सायकल पडली. भाषा एक अक्षर कळत नव्हती. गळ्याला भाषा लागत नाही, हे माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

तर त्या गुरुवारी मी भांडायला चाललो होतो. आदल्या आठवड्यात आणलेल्या कॅसेटमध्ये आजवरचा सगळ्यात गोड गळा होता. रोज ऐकत होतो. गुरुवारी सकाळी लावली तर गळा गायब! नुसता बाजा.

"गाणं पुसलेलं दिलंस मला," मी म्हटलं.

हासानंदनं कॅसेट लावली, कान लावला. "चाचा, इसमें गाना था ही नहीं. नुसता बाजा हाय. कव्हरवर बघा, गानेवाले का नाव तरी आहे का?"

"मी आठवडाभर ऐकतोय!"

"तो मुझे भी सुनाओ ना. दुप्पट भावात विकतो."

तसाच परत आलो. शुक्रवारी पहिली शिफ्ट करून घरी आलो, धूळ येते म्हणून खिडकी लावली, आणि टेप सुरू केला. माझी खोली कंपनीच्या भिंतीला लागून. दुसऱ्या शिफ्टचा हॅमर पायाखालून येत होता, धप्प... धप्प... फळीवरचे पितळी डबे थरथरत होते. ड्रम आला. गिटार आली. आणि मागनं, अगदी मागनं, तो गळा आला.

खोलीत जळलेल्या तेलाचा वास सुटला. हॅमरवर लाल लोखंड धरायच्या तापल्या सांडशीला येतो तो. घरात तसली सांडशी नव्हती, भट्टी नव्हती, कस्तुराचा स्टोव्हसुद्धा बंद होता.

शब्द लागत नव्हते. पण डोळे मिटले आणि मला तोंड दिसलं. ऐका नीट. हॅमरवर एकमेकांचं ऐकू येत नाही, तिथं आम्ही तोंडं बघतो. कोण कधी श्वास घेतो, कोण कधी शिवी देतो, सगळं दिसतं. माझ्यासमोर सांडशी धरायला बरीच वर्षं ज्योतीराम होता. तो गायचा. घण वर जाताना श्वास घ्यायचा, घण खाली येताना ओळ टाकायचा. आम्ही सगळ्यांनी त्याला गाताना पाहिलं, ऐकलं एकानंही नाही. बोलणं ओठांवरून कळतं, पण गाण्यात शब्द ताणले की ओठ फसवतात. टेपमधला माणूस नेमका तिथंच श्वास घेत होता.

ज्योतीराम आदल्या वर्षी काविळीनं गेला होता.

मला घाम फुटला. खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्या क्षणी हसू आलं. ज्याचा गळा गोऱ्यांच्या कॅसेटीत शोधत फिरलो, तो माझ्यासमोर उभा राहून गात होता, आणि मी बहिरा!

शनिवारी आमच्या मुकादमाला, उद्धवरावला, काही न सांगता घरी आणलं. "हे ऐक," एवढंच म्हटलं. आधी तो म्हणाला, "भंगारचा ट्रक उलटलाय का?" मग त्यानं डोळे मिटले.

"हिंदुराव... ह्यो तर ज्योतीराम हाय."

"व्हय."

"बंद कर."

"का? सुरात हाय की."

"म्हणूनच बंद कर."

पण मला नीलाची आठवण झाली होती. नीला ज्योतीरामची बायको. तो गेल्यावर कंपनीनं तिला कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला घेतलं होतं. आम्ही तिला सांगायचो, तुझा नवरा दिवसभर गायचा. तिला खरं वाटायचं नाही. घरी तो मिटल्या तोंडाचा. जेवायचा, भिंतीकडे बघायचा, झोपायचा. ती मला दर वेळी विचारायची, "भावजी, काय गायचे ते?" मला सांगता यायचं नाही. मग ती म्हणायची, "माझं मन राखायला सांगता तुम्ही. माझ्यापाशी ते एक दिवस सुखात नव्हते. मीच नकोशी होते त्यांना." वाढताना असं बोलायची.

खंडेनवमीला मी टेप कंपनीत नेला. त्या दिवशी भट्टी थंड, हॅमर धुऊन पुसून हळदकुंकू लावलेला, झेंडूच्या माळा घातलेला. बायकापोरं मशीन बघायला येतात. कोण पेढे वाटतंय, कोण पोरांना लोखंडाच्या साच्यावर बसवतंय. आरतीसाठी कर्णा लावला होता, त्याला मी टेप जोडून घेतला. नीलाला हॅमरसमोर उभी केली. "ऐक आता."

दणका सुरू झाला. पोरं नाचायला लागली. पण गळा येईना. सगळी कॅसेट गेली, नुसता बाजा.

नीला पदर सावरून म्हणाली, "कळलं, भावजी. आता पुन्हा नका सांगू."

ती निघाली. तिची पाठ बघताना माझ्या डोक्यात पडला उजेड. गुरुवारी घरी गळा नव्हता. हासानंदकडे नव्हता. आज नाही. हॅमर बंद की हा गप्प! मेला तरी सुट्टी सोडत नाही गडी.

"उद्धवराव, कॉम्प्रेसरची हवा सोड. हॅमर चालू करायचा."

"डोकं फिरलं का? पूजा झाल्यावर हत्याराला हात लावायचा नसतो."

"हात कोण लावतंय? पायानं चालतो तो."

"पूजेच्या मशीनला पाय लावतोस? लाज वाटू दे!"

"ते मी बघून घेईन. बाई चालली तिकडं, तिला बघ आधी."

उद्धवरावनं नीलाकडे बघितलं. शिवी दिली. आणि हवा सोडली. रिकामा घण साच्यावर मारायचा नसतो, म्हणून मी मधे लाकडाचा ओंडका ठेवला, चप्पल काढली, पेडलला नमस्कार केला आणि दाबला.

धप्प. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. धप्प. पोरं आयांना चिकटली. जळलेल्या तेलाचा वास थंड भट्टीकडून आला... आणि कर्ण्यातनं ज्योतीराम गायला लागला. शब्द स्वच्छ.

काय गात होता, सांगू? देव नाही, संत नाही. डबा! आज मेथी दिली गं, लसूण फोडणीला. उद्या दे वांगं, तुझ्या हातचं वांगं. नीला माझी लाटते, बांगड्या वाजती. दणक्यादणक्याला एक एक ओळ, आणि गळा असा की अंगावर काटा यावा.

नीला वळली. तोंडावर हात. मग हात खाली आला आणि ती हसायला लागली, रडत रडत हसायला लागली. "अहो, घरी का नाही बोललात!" ती कर्ण्याकडे बघून ओरडली. "तुम्हाला वांगं आवडत नाही असं समजून मी करतच नव्हते!"

सगळे हसले. ज्यांनी ऐकलं तेही आणि ज्यांना नुसता दणका ऐकू आला तेही. उद्धवराव नास्तिकासारखं तोंड करून डोळे पुसत होता. नीला त्या दिवसापासून सरळ चालायला लागली. कॅन्टीनमध्ये वांग्याचं भरीत वरचेवर व्हायला लागलं. मला वांगं आवडत नाही, पण सांगतो कुणाला?

बँड शोधायचं मी सोडलं नाही. हासानंदकडून कॅसेटी येतच राहिल्या, आणि कामाच्या दिवशी ज्योतीराम त्यांत गातच राहिला. दिवाळीनंतर एक नवी आणली. तिच्यात त्याच्याबरोबर आणखी एक गळा होता. खर्जातला, जाडाभरडा, पण सुराला पक्का. दोघं मजेत गात होते. हॅमरवरच्या सगळ्यांची तोंडं मला पाठ. ह्या आवाजाचं तोंड काही केल्या डोळ्यापुढं येईना.

उद्धवरावला बोलावलं. तो चहाची कपबशी धरून ऐकत बसला. ऐकता ऐकता त्यानं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. एकदा टेपकडे, परत माझ्या तोंडाकडे. मग चहा तसाच ठेवून, चपला हातात घेऊन निघून गेला.

मी तेव्हा तोंड मिटून बसलो होतो.